प्रकरण अकरावे : साकीनाक्याचं यंत्र

रविवारी सकाळी काशीराम पेडणेकर हातगाडीच्या पुढे चालत घाटकोपरच्या बाजारात शिरला, तेव्हा त्याच्या चालीत वरातीपुढे चालणाऱ्या नवरदेवाच्या मामाचा तोरा होता. गाडीवर गोणपाटात बांधलेलं यंत्र होतं. ओढणारा माणूस घामानं निथळत होता, पण खरं ओझं आपल्याच डोक्यावर आहे असं काशीरामाच्या तोंडावरून वाटत होतं. दुकान मंगळवारी उघडायचं ठरलं होतं. गाळा मिळाला होता, बाकं आली होती, गावच्या रवळनाथाची तसबीर भिंतीला लागली होती. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं विकायचं हेही नक्की होतं. फक्त ते गिऱ्हाइकापर्यंत गरम कसं पोचवायचं, यावर पेडणेकरांच्या घरात दीड महिना खल चालला होता.

काशीरामाच्या म्हाताऱ्या वडिलांचं, धाकूंचं म्हणणं, गिरणीच्या कँटीनमध्ये जसं चालायचं तसंच चालावं. निखाऱ्यावर राख पसरायची, वर टोप ठेवायचा, आणि देवावर भरवसा ठेवायचा. धाकटा मुलगा गुणाजी फोर्टातल्या एका कचेरीत पट्टेवाला होता आणि त्यामुळे सुधारणेच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा असे, निदान त्याच्या मते. त्याला न्हाणीतला तांब्याचा बंब कल्हई करून दुकानात बसवायचा होता. बंबाला तोटी असते. तोटी फिरवली की रस्सा वाटीत, पळी नको आणि वाढपीही नको. त्यानं हा प्रयोग घरी करूनही पाहिला. दुसऱ्याच वाटीला तोटीत वाटाणा अडकला, तो वहिनीच्या केसांतल्या आकड्यानं टोकरून काढावा लागला, आणि पुढे आठवडाभर घरातली माणसं गरम मसाल्याच्या वासाच्या पाण्यानं आंघोळ करून कामावर गेली. गुणाजीला तर कचेरीत एका साहेबानं, आज डब्यात काय आणलंस, म्हणून दोनदा विचारलं.

या सगळ्यात प्रेमाला कुणी काही विचारलं नव्हतं. प्रेमा ही काशीरामाची बायको, आणि वडे तिचे होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षं ती भिंतीकडे तोंड आणि माणसांकडे पाठ करून वडे तळत आली होती. आधी घरच्यांसाठी, मग शेजाऱ्यांसाठी, मग स्टेशनाजवळच्या लाकडाच्या वखारीतल्या माणसांसाठी डबे भरून. डबे रिकामे परत येत, वडे झकास झाले होते असा निरोपही येई, पण वडा तोंडात टाकताना माणूस दिसतो कसा, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला ते पाहायचं होतं. एवढ्यासाठी बाईनं बाजारात बसायचं म्हणणं हसण्यावारी जाईल हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. काशीरामाला एकदा सांगितलं होतं, पण तो तेव्हा झोपलेला होता.

आणि आता हे यंत्र आलं होतं. काशीरामाचा बेत साधा होता. पहाटे प्रेमानं घरी रांधायचं, पुरुषांनी आणून यंत्रात ठेवायचं, आणि दिवसभर गरम गरम वाढायचं. यंत्र दुकानात राहिलं तर प्रेमा घरात राहणार होती, भिंतीकडे तोंड करून. गोणपाटाच्या गाठी सुटताना ती गाळ्याच्या दाराशी उभी राहून पाहत होती, आणि ते यंत्र मोडकं निघावं असं तिला मनापासून वाटत होतं.

यंत्र मोडकं नव्हतं. लांबट, अरुंद, चकचकीत पेटी होती. वर बिजागरीचं झाकण, आत भोकाभोकांचा ट्रे, खाली पाणी सोडायची तोटी.

"शेवटी तोटीच लागली ना, दादा?" गुणाजी म्हणाला.

"ती पाणी काढायची आहे, रश्श्याची नाय. हे वाफेवर चालतं, समजलास?" काशीराम साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर होता, आणि कारखान्यामागच्या गोदामात लढाईनंतर लष्करानं विकायला काढलेला डिस्पोजलचा माल पडून होता. तिथून त्यानं ही पेटी उचलली होती. "गोऱ्या सोल्जरांचं जेवण यात गरम राहायचं. तिकडे तोफा चालल्यात आणि इकडे साहेब गरम गरम जेवतोय. आपल्या वखारवाल्यांना तर काय, बसून खायचंय."

धाकूंनी पेटीभोवती एक चक्कर मारली. "पण ह्या इतक्या अरुंद कित्याक?"

"साहेबाची पोळी लांबट असते, बाबा."

"आनि भोकां?"

"वाफ यायला."

"आणि हा वास कसला येतोय?" प्रेमानं विचारलं.

वास येत होता खरा. उग्र होता, आणि स्वयंपाकघराशी त्याचा दूरचाही संबंध वाटत नव्हता.

"नव्या यंत्राला वास असतोच," काशीराम म्हणाला.

"नवं कुठलं? लढाईतलं ना हे?"

"लढाईतलं नवं."

यंत्राचा खालचा दिवा गोदामातच हरवला होता, म्हणून काशीरामानं कोळशाची शेगडी पेटवून पेटी तिच्यावर चढवली, आत पाणी ओतलं, आणि प्रेमानं पहाटे तळलेल्या वड्यांचा डबा उघडला. वडे गोल आणि ट्रे अरुंद, तेव्हा ते फडताळातल्या बशांसारखे उभे लावावे लागले.

"अहो, वडा तळलेला आहे," तिच्यानं राहवेना. "वाफेत ठेवलात तर बसेल तो. इडली नाही ती."

"ते तुझं कढईचं ज्ञान झालं. हे यंत्र आहे." काशीरामानं झाकण लावलं. "अर्ध्या तासानं बघ."

त्या अर्ध्या तासात धाकूंनी देवाला कौल लावायचं ठरवलं. कौल लावल्याशिवाय पेडणेकरांच्या घरात साधं मांजरही पाळलं गेलं नव्हतं. गावी देवळात देव दगडाचा. त्याच्या दोन खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. घाटकोपरात देव तसबिरीत होता. धाकूंनी जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून तसबिरीच्या काचेवर दाबल्या, टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, आज हय घाटकोपरात तुझी लेकरा गोळा झाली आसत. काशिरामान साकीनाक्यावरसून ह्या यंत्र हाडल्यान हा. ह्या दुकानात ठेवक तुझी मर्जी आसा तर उजवो दी, नाय तर डावो दी. आनि कायव दिलंस तरी लेकरांका सांबाळ."

"व्हय महाराजा," गुणाजी म्हणाला.

प्रेमानंही हात जोडले होते. ती मनात फक्त डावी, डावी, डावी म्हणत होती, आणि देवाशी असं वागल्याबद्दल माफीही मागत होती.

पाकळ्या हलल्या नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दगडावरची पाकळी सुकते, सैल होते आणि गळते. काचेवरची पाकळी पोस्टाच्या तिकिटासारखी बसली होती. चौघंजण हात जोडून, श्वास रोखून तसबिरीकडे पाहत राहिले.

तेवढ्यात शेजारचा सायकलवाला जयंतीभाई आत आला. दुकानाचं पहिलं खाणं आपणच खाणार असं त्यानं महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. हे दृश्य पाहून त्यानं टोपी काढली.

"कोण वारले?" त्यानं हळूच विचारलं.

"कोण नाय, कौल लावलाय," गुणाजी म्हणाला. "देव विचार करतोय."

"किती वेळ करते?"

"काच आसा ना," धाकू वरमून म्हणाले. "गावाक फातर असता."

काशीरामाला मात्र राहवेना. अर्धा तास झाला म्हणून त्यानं यंत्राचं झाकण उघडलं. भसकन वाफेचा लोट बाहेर आला, त्याबरोबर तो वास दसपट होऊन गाळाभर पसरला, आणि तसबिरीच्या अगदी पुढ्यात उभ्या असलेल्या गुणाजीला अशी सणसणीत शिंक आली की तसबीर खिळ्यावर डोलली. उजवी पाकळी सुटली आणि धाकूंच्या टोपीवर पडली.

"उजवो दिल्यान," धाकू म्हणाले.

"दिला कसला?" प्रेमा सासऱ्यांना म्हणाली. "भावोजी शिंकले, मामांनू."

"मी मुद्दाम नाय शिंकलो," गुणाजी घाईघाईनं म्हणाला.

"तो मुद्दाम शिंकाक नाय, म्हंजे शिंक हाडल्यान कोणी?" धाकूंनी टोपीवरची पाकळी अलगद उचलून कपाळाला लावली. "देवानच. यंत्र दुकानात रवतला."

प्रेमाला रडूच यायला लागलं. दिराला गप्प करता येतं, नवऱ्याशी चार दिवस अबोला धरता येतो, सासऱ्यांना गोड बोलून वळवता येतं. पण देवानं होकार दिल्यावर भांडायचं कुणाशी? ती मुकाट्यानं बाकाच्या टोकाला जाऊन बसली. तिनं घरून पिठाचं पातेलं, तेलाची बरणी आणि कढई कापडात गुंडाळून आणली होती. पीठ घरी फार आंबेल, असं कारण तिनं सांगितलं होतं. आता तिला त्या गाठोड्याकडे बघवेना.

काशीरामानं चिमट्यानं एक वडा काढून जयंतीभाईच्या ताटलीत ठेवला. एक धाकूंनी घेतला, एक गुणाजीनं. वड्याचा फुगा कधीच बसला होता. जयंतीभाईनं तो तोडायला घेतला, तर वडा तुटेना. ओढावा तसा लांब व्हायला लागला. शेवटी त्यानं तो सगळाच तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. प्रेमा त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या वड्याचा घास घेणारं पहिलं परकं तोंड तिला दिसत होतं, आणि ते असं दिसत होतं.

"गरम आहे," जयंतीभाई अखेर म्हणाला. तो भला माणूस होता. "मजबूत पण आहे. माझी बा आजारी होती ना, तवाची आठवण आली."

"बघा," काशीराम म्हणाला, "घरची आठवण येते."

धाकूंनी एक संपवून दुसरा घेतला होता. देवानं होकार दिलेली वस्तू टाकून देणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

अशा वेळी वनमाला आली. ती धाकूंची धाकटी मुलगी, मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती आणि थेट कामावरून तिथे आली होती. घरातल्या पुरुषांना ती आणि हॉस्पिटल अशा दोन्ही गोष्टींचा थोडा धाक वाटे. तिनं दारातच नाक वर केलं, मग पेटीकडे पाहिलं, मग जवळ येऊन झाकणावरची इंग्रजी अक्षरं वाचली.

"दादा, हे इथे कसं आलं?"

"ओळखतेस?" काशीराम फुलून गेला. "बाबा, बघा, मोठ्या हॉस्पिटलातसुद्धा हेच वापरतात."

"वापरतो ना. कात्र्या, चिमटे आणि सुऱ्या उकळतो यात. ऑपरेशनच्या आधी." वनमालानं ट्रेमधल्या उभ्या वड्यांकडे पाहिलं. "आणि ऑपरेशन झाल्यावर."

जयंतीभाईनं ताटली अतिशय हळूच बाकावर ठेवली. गुणाजी दाराबाहेर जाऊन उभा राहिला. धाकूंच्या तोंडात दुसऱ्या वड्याचा शेवटचा घास होता, आणि तो गिळावा की थुंकावा याचा कौल त्यांना कुणी देत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून तो गिळला.

"स्वच्छ असेल ते," वनमाला रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली. "त्यात जंतू कसला जगतोय."

"आता रे काय, दादा?" गुणाजी दारातून म्हणाला. "वाट लागली. हे परत नेऊन टाक, आपण बंब आणू."

"बंबाचं नाव काढू नकोस," काशीराम म्हणाला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. महिनाभर तो कारखान्यात या यंत्राच्या गोष्टी सांगत होता.

"परत कसा नेतलास?" धाकू म्हणाले. "देवान उजवो दिल्यान हा. दुकानात ठेव म्हणान सांगल्यान. देवाक एका दिसात दोनदा इचारूचा नसता."

"मग त्यात वडे ठेवायचे?" वनमाला म्हणाली.

देवाचा शब्द मोडवत नव्हता आणि वडा खाववत नव्हता. तिन्ही पुरुष पेटीकडे असे बघत बसले, जणू तीच काहीतरी तोड सुचवील.

तोड प्रेमाला सुचली. आधीच आपल्याला ती का सुचली नाही, याचा तिला रागही आला.

"मामांनू," ती उठून म्हणाली, "देवान यंत्र दुकानात ठेव म्हटलान. त्यात वडे ठेव म्हटलान काय?"

धाकूंनी गाऱ्हाणं मनात पुन्हा म्हणून पाहिलं. "नाय," ते सावकाश म्हणाले. "तसा इचारूक नाय आमी."

"मग राहू द्या ना ते इथेच. त्यात ताटल्या, वाट्या आणि पेले उकळूया. वन्सं, चालेल ना?"

"चालेल काय, घाटकोपरात एवढ्या स्वच्छ ताटल्या कुणाकडे नसतील," वनमाला म्हणाली. "अगदी ऑपरेशन करावं अशा."

"मी तरी दुसरं काय म्हणत होतो," काशीराम म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग परत आला.

"ता ठीक," धाकू म्हणाले. "पण वडे?"

"वडे गरम ठेवायचेच नाहीत. इथेच तळायचे आणि थेट ताटलीत द्यायचे."

"तळतला कोण?"

"मी."

हे उत्तर सगळ्यांना आधीच कळलं होतं, तरी ते ऐकून धाकूंनी टोपी पुन्हा सारखी केली.

"पेडणेकरांची सून भर बाजारात बसतली?" धाकू म्हणाले. ते रागावले नव्हते, खरोखर विचारत होते. "लोक काय म्हणतले?"

"बाबा, मी रोज परक्या पुरुषांची अंगं पुसते, त्यांना पेज भरवते," वनमाला म्हणाली. "तेव्हा लोक काय म्हणाले?"

"तुजी गोष्ट येगळी. ता हॉस्पिटल."

"मग हेही अर्धं हॉस्पिटलच झालंय की."

धाकूंनी काशीरामाकडे पाहिलं. काशीरामानं गुणाजीकडे पाहिलं. गुणाजी अजून दारात होता आणि लागलंच तर आपण आत नव्हतो असं म्हणायच्या तयारीत होता.

"पण तुका हय बसूचा कित्याक, गो?" धाकूंनी सुनेला विचारलं. "घराक तुका सुख नाय?"

प्रेमानं पदर सारखा केला. खोटं कारण शोधायला वेळ नव्हता, आणि खरं सांगितल्याशिवाय आता भागणार नव्हतं.

"सुख आहे, मामांनू. पण नऊ वर्षं तळतेय, आणि खाणाऱ्याचं तोंड कधी बघितलं नाही. आज बघितलं ते जयंतीभाईंचं. ते मला शेवटचं म्हणून चालायचं नाही."

जयंतीभाईनं शरमून खाली पाहिलं. "भाभी, मी पाहिजे तर परत खाते," तो म्हणाला.

काशीराम काहीतरी बोलणार होता. पण बायको हे आपल्याला आधी कधीतरी म्हणाली होती, आणि आपण तेव्हा पूर्ण झोपलो नव्हतो, असं त्याला अंधुक आठवलं असावं, कारण तो न बोलता उठला, फडक्यानं पेटी धरली आणि शेगडीवरून खाली उतरवली. प्रेमानं गाठोडं सोडून कढई वर चढवली.

तेल तापायला वेळ लागला. कोणी घाई केली नाही. प्रेमानं पाण्याचा हात लावून पहिला वडा थापला, तेलात सोडला, आणि तो तळाशी जाऊन क्षणभर थांबून टम्म फुगून वर आला. तिनं तो सरळ जयंतीभाईच्या ताटलीत टाकला आणि घरून आणलेल्या सांबाऱ्याची वाटी पुढे केली. जयंतीभाईनं वडा फोडला, बोटं भाजली, फुंकर मारली, घास घेतला. चावताना त्याचे कान हलत होते. दोन्ही. प्रेमानं असं काही होत असेल अशी कल्पनाही केली नव्हती. तिला इतकं हसू आलं की तोंडाला पदर लावावा लागला.

वासानं रस्त्यावरची दोन माणसं थांबली. दुकान मंगळवारी उघडणार आहे असं गुणाजीनं त्यांना सांगितलं, आणि ती ऐकून आत येऊन बसली. मग लाकडाच्या वखारीतला ओळखीचा एक आला, त्यानं बाहेर जाऊन आणखी तिघांना आणलं. गुणाजी आपसूक वाढायला लागला. काशीराम कोपऱ्यात यंत्राखाली जयंतीभाईच्या दुकानातला स्टोव्ह पेटवून ताटल्या उकळत होता आणि हे लष्करी आहे, खास लढाईतलं, असं प्रत्येकाला सांगत होता. कसल्या कामाचं ते तो सांगत नव्हता. एक माणूस वडा तोंडात घातल्यावर छताकडे पाहायचा, एक गंभीर होऊन जायचा, एकानं घास संपेपर्यंत शेजाऱ्याचा हात धरून ठेवला. प्रेमा तळत होती आणि बघत होती. एक वडा तिच्याकडून करपला, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

सगळ्यात शेवटी धाकूंनी बाक ओढून तिच्यासमोर मांडलं. घरी ते नेहमी दाराकडे तोंड करून जेवत, आणि ती त्यांना मागून वाढत असे. त्यांनी पहिला वडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला हात पुढे केला. खाताना म्हाताऱ्याच्या भुवया वर जात होत्या आणि कपाळावरच्या सगळ्या आठ्या एकेक करून मोडत होत्या. नऊ वर्षं हे आपल्या पाठीमागे होत होतं, असं मनात येऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते शेगडीच्या धुरावर ढकललं.

धाकूंनी वाटी पुसून खाली ठेवली. "मंगळवारी दुकान किती वाजता उघडूचा?"

"सातला, बाबा," काशीराम कोपऱ्यातून म्हणाला. "सात म्हणजे—"

"तुका नाय इचारूक," धाकू म्हणाले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तिका इचारतंय."

प्रेमानं झारा कढईच्या काठावर टेकवला.

"सहाला," ती म्हणाली.

काशीराम जन्मात कधी सहाला उठला नव्हता. त्यानं बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि हातातली वाफाळती ताटली पुसत म्हणाला, "बरं, सहाला."